चार खिडक्या, एक घंटी

बाईंनी माउसला कधी हात लावला नाही. हॉलमध्ये पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्याबरोबर माउसही आला होता. तो बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीसकट उचलला, मॉनिटरच्या मागं ठेवला आणि वर मशीन पुसायचं फडकं टाकलं.

"ह्याला एकच बोट लागतंय," त्या म्हणाल्या. "बाकीच्या नवांनी काय शेंगा फोडायच्या?"

माणसाला दहा बोटं आहेत आणि ती दहाही कामाला लागली पाहिजेत, यापलीकडं बाईंचं जगाकडं काही मागणं नव्हतं. नवा माणूस भेटला की लोक चेहरा बघतात, बाई हात बघायच्या. माझी मुलाखतसुद्धा त्यांनी हातांचीच घेतली. मी मराठी-इंग्रजी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास होऊन त्यांच्या क्लासमध्ये शिकवायची नोकरी मागायला गेले होते. सर्टिफिकेटं पिशवीतून बाहेर काढायच्या आधीच त्यांनी माझी डावी करंगळी धरली, मागंपुढं वाकवून बघितली आणि म्हणाल्या, "चालंल. कुठली?"

"काष्टीची."

"मग उद्यापास्नं ये, काष्टी."

माझं नाव त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारावंसं वाटलं नाही. मी तिथं होते तोवर काष्टीच राहिले. माझ्या लग्नाची पत्रिका हातात पडल्यावर त्यांना माझं खरं नाव कळलं, आणि त्या चक्क म्हणाल्या, "हे कोन?"

ही नगरशेजारच्या भिंगारची गोष्ट, नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. बाजारात एका भांड्यांच्या दुकानावर बाईंचा टायपिंग क्लास होता. लाकडी जिना, वर एक लांबोडका हॉल, भिंतीलगत दोन रांगांत मशीनं. बाई इथल्याच. त्यांचे वडील लष्कराच्या डेपोत कामाला होते, आणि त्यांना डबा द्यायला जाणाऱ्या या पोरीनं तिथल्या ऑफिसच्या दारात उभं राहून टायपिंग नुसतं बघून बघून शिकून घेतलं होतं, असं त्या सांगायच्या. बुद्धपौर्णिमेला क्लासला सुट्टी असायची, पण आम्ही सगळ्या जायचोच, कारण बाई खीर करायच्या. वाटी डाव्या हातानं घ्यावी लागे, तीसुद्धा करंगळीचा आधार देऊन. करंगळीला व्यायाम हवा ना!

त्यांच्या लहरी सांगायला बसले तर ही गोष्ट राहूनच जाईल, पण दोन-तीन सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत. समोरचा माणूस बोलायला लागला की बाईंची बोटं मांडीवर हलायला लागत. त्याचं बोलणं त्या टाइप करत असत. तो थांबला की ह्या एक क्षण थांबून निकाल देत. आमचे मालक, म्हणजे खालच्या भांड्यांच्या दुकानाचे शेठ, फार अडखळत बोलायचे. एकदा त्यांचं सगळं ऐकून घेऊन बाई म्हणाल्या, "शेठ, तुमच्या बोलन्यात लई मोकळी जागा जातीय. कागद वाया जातोय." शेठ आठ दिवस रागावले होते.

दुसरी लहर गरम होण्याची. मशीनवर बसलं की आधी ए-एस-डी-एफ, मग दुसऱ्या हातानं सेमीकोलन-एल-के-जे, अशी बोटांच्या घरच्या बटणांची एक ओळ मारायची, मगच काम. पहिलवान जसे बैठका मारतात तशी ही बोटांची बैठक. घाईचं काम असो, कुणी दारात अर्ज घेऊन ताटकळत असो, आधी ती ओळ. बाई बँकेत पैसे काढायला गेल्या तरी काउंटरच्या कडेवर ही ओळ मारून मगच सही करायच्या. कॅशिअर बिचारा पेन पुढं करून उभा असायचा.

आणि तिसरी, ओळ अर्धी न सोडण्याची. सुरू केलेली ओळ पुरी करायचीच, मग आभाळ कोसळलं तरी बेहत्तर. एकदा भर क्लासमध्ये खिडकीतून माकड आत आलं. चांगलं थोराड होतं. मुली किंचाळत उठल्या, आणि बाई रूळ आपटून ओरडल्या, "लाईन पुरी करा, मंग पळा!" आणि काय सांगू, बसल्या की पोरी! थरथरत, रडत, पण ओळ पुरी करून, घंटी वाजवून, मग पळाल्या. माकड एवढा वेळ शांतपणे बघत बसलं होतं. त्यालाही बाईंचा धाक वाटला असावा.

घंटीचं सांगायला हवं, कारण आता टाइपरायटर कुणी बघितलेले नसतात. ओळ संपत आली की मशीनमधली घंटी टिंग करून वाजते. मग डावा हात वर जातो, कागद धरणाऱ्या कॅरेजची दांडी डावीकडून उजवीकडं ढकलतो आणि नवी ओळ सुरू होते. हे इतक्या वेळा होतं की पुढं पुढं डोक्याला विचारावं लागत नाही. घंटी वाजली की हात उठतो. बाईंच्या क्लासमध्ये सगळ्या मुली एका तालात टाइप करायच्या, बाई रुळानं ठेका द्यायच्या, आणि ओळीच्या शेवटी सगळ्या घंट्या एकदम वाजून सगळे डावे हात एकदम उठायचे. तो खडखडाट सुरू झाला की खालच्या दुकानात मांडणीवरची भांडी किणकिणायला लागत. शेठ रोज तक्रार करायचे. बाई म्हणायच्या, "तुमची भांडी जिवंत हायेत, ह्ये गिऱ्हाइकाला कळायला नको?"

तर एका वर्षी पावसाळा संपता संपता शेठ जिना चढून वर आले. एरवी ते वर यायचे नाहीत, गुडघे दुखत. आले, खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "बाई, इतकी वर्सं झाली, तुमी कदी तरास दिला न्हाई. पन... आता धाकट्याला हॉल पायजे. कॉम्प्युटरचं करायचं म्हन्तोय. दिवाळीपास्नं... बघा कुठं दुसरीकडं."

धाकटा म्हणजे शेठचा मुलगा. पुण्यात कॉम्प्युटरचा कोर्स करून नुकताच परतला होता आणि दुकानामागच्या खोलीत त्यानं पाच कॉम्प्युटर मांडले होते. शिकायला कमी आणि गेम खेळायला जास्त, अशी लष्कराच्या कॅम्पातली पोरं तिथं पडीक असत. खोली पुरेना, म्हणून हॉल हवा होता.

बाईंची बोटं मांडीवर थांबली. मी त्यांना असं थांबलेलं पहिल्यांदाच बघितलं.

"आनि माज्या पोरी?" त्या म्हणाल्या.

"त्यांना त्यो कॉम्प्युटर शिकवंल की."

"शेठ, त्या टोळक्यातनं वाट काढत कुनाची आई पोरीला वर धाडंल? तुमीच सांगा."

बाई म्हणत होत्या ते खरंच होतं. भिंगारमध्ये मुलीला बारावीनंतर घराबाहेर जाऊ द्यायचं तर ते बाईंकडंच, असं कितीतरी घरांत ठरलेलं असे. तिथं सगळ्या बायका, वर बाईंची नजर, आणि परीक्षा पास झाली की कचेरीत नोकरीची आशा. आमच्या पोरींत मजुरांच्या होत्या, सफाई खात्यातल्या माणसांच्या होत्या, एकीचे आईबाप तर दर हिवाळ्यात ऊसतोडीला जात आणि ती मागं मावशीकडं राहून टायपिंग शिकत होती. हॉल गेला असता तर बाईंना दुसरा मिळाला नसता असं नाही, पण बाजारातला, डोळ्यांसमोरचा, आयांच्या विश्वासातला असा मिळाला नसता. पोरी घरी बसल्या असत्या. मीही काष्टीला परत जाऊन बसले असते.

बाई मुळूमुळू रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या तशाच उठल्या आणि जिना उतरून धाकट्याच्या खोलीत शिरल्या. मी मागोमाग. पोरं खेळत होती ती दचकून उभी राहिली.

धाकटा तसा गोड मुलगा होता. हुशार, हसरा. "या बाई," म्हणून त्यानं खुर्ची दिली आणि खेळ दाखवला. वरून विटा पडतात, त्या फिरवून नीट बसवायच्या, आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते, नाही भरली तर ढीग वर वर चढतो आणि डोक्याला टेकला की खेळ संपला. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एका टायमाला एकच?"

"गेम खेळताना एकच. काम मात्र चार करता येतात. हे बघा, एकाच पडद्यावर चार खिडक्या उघडल्या. टाइपरायटरवर तसं नाही ना होत. म्हणून म्हणतो बाई, जमाना बदलला."

"मंग ह्या चार खिडक्यांत चार खेळ का खेळत न्हाई?"

"उघडता येतील, पण खेळता नाही येणार," तो हसला. "माणसाचं लक्ष एका वेळी एकाच ठिकाणी असतं."

"लक्षाचं कोन इचारतंय? बोटं दहा हायेत."

पोरं हसली. त्यातलं एक म्हणालं, "बाई, तुमी एक जरी खेळून दावला तरी लई झालं." आणि बाई ताठ झाल्या. मला कळलं, आता काहीतरी होणार.

"मी चार खेळून दावते. तुमी सगळे एकेक खेळा. माजा एक जरी बुडाला तरी हॉल सोडते, भांडनार न्हाई. तुमी सगळे बुडालात आनि माजे चारी उभे राहिले, तर मला वाटंल तवर हॉल माजा. काय शेठ?"

शेठ दारात येऊन उभे होते. त्यांना पैजेचा भारी नाद. पैसे लावायचे नाहीत, पण कुणी 'जमणार नाही' म्हटलं आणि कुणी 'जमेल' म्हटलं की ते जेवण टाकून बघायला जायचे. त्यांचे डोळे असे चमकले की मला रागच आला. बाईंचं आयुष्य टांगणीला लागलंय आणि ह्यांना तमाशा!

"दिवाळीच्या आदल्या ऐतवारी," शेठ म्हणाले. एकदाही न अडखळता.

दुसऱ्याच दिवशी धाकटा स्वतः एक कॉम्प्युटर उचलून वर घेऊन आला. बाईंचा विरोधक तो, पण सरावाला मशीन हवं हे त्याला पटलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही चार खिडक्या एकदम चालतात का ते बघायचं होतं. माउस फडक्याखाली गेला तो ह्याच दिवशी. धाकट्यानं पुण्याहून फ्लॉपीवर एक छोटा प्रोग्राम आणलेला होता. कोणतंही बटण कोणत्याही कामाला बांधायची सोय त्यात होती.

"सांगा बाई, कुठलं बटण कशाला?"

बाईंनी एक क्षण डोळे मिटले आणि मजकूर सांगावा तसं सांगितलं. "डाव्या हाताला खिडक्या. ए ला पहिली, एस ला दुसरी, डी ला तिसरी, एफ ला चौथी. उजव्या हाताला इटा. जे नं डावीकडं, के नं फिरवायची, एल नं उजवीकडं, सेमीकोलननं खाली सोडायची. बोटं जागची हालायची न्हाईत."

धाकटा ऐकतच राहिला. मग हळूच म्हणाला, "आम्ही बाणांच्या बटणांवर खेळतो. हात सारखा फिरतो आमचा."

"फिरनारच. तुमाला घरच न्हाई."

शिवाय बाईंना आणखी एक बटण हवं होतं. दाबलं की चारही खेळ एकदम जागच्या जागी थांबले पाहिजेत. पोरींचं काही अडलं, कुणी आलं-गेलं, तर उठता यावं म्हणून. धाकटा म्हणाला, सोपं आहे, तुम्ही एकदा ती बटणं क्रमानं दाबून दाखवा, प्रोग्राम लक्षात ठेवेल, मग एकच बटण दाबलं की तो ते सगळं आपोआप करेल. हे बटण बाईंनी डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातलं निवडलं. "एस्केप," धाकट्यानं वाचलं.

"करा सुरू," तो म्हणाला. बाईंनी क्रमानं बटणं दाबली. मग खेळ चालू करून ते कोपऱ्यातलं बटण दाबलं, तर थांबण्याऐवजी खिडक्या फडफड फडफड उघडझाप झाल्या, विटा गरगरा फिरल्या, भलतीकडं जाऊन आदळल्या, आणि मग सगळं थांबलं. धाकटा चक्रावला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी बाईंच्या हाताकडं बघितलं आणि मला हसू फुटलं. धाकट्यानं 'करा सुरू' म्हटल्याबरोबर बाई आधी गरम होत होत्या! ए-एस-डी-एफ, सेमीकोलन-एल-के-जे, आणि मग काम. प्रोग्रामनं ती बैठकसुद्धा इमानेइतबारे लक्षात ठेवली होती.

"बाई, ते नका ना मारू," धाकटा हसून हसून डोळे पुसत म्हणाला.

"थंड बोटांनी काम करू व्हय?" बाई खवळल्या. शेवटी मी त्यांची दोन्ही मनगटं धरून ठेवली, धाकट्यानं खूण केली, मी सोडली, तेव्हा कुठं ते बटण बांधलं गेलं.

बटणं झाली, पण खेळ जमेना. बाईंची बोटं विजेसारखी चालत, एका खिडकीत तर त्या धाकट्यापेक्षाही सुबक विटा बसवत. अडचण निराळीच होती. एका खिडकीत ओळ जुळत आली की बाईंना ती सोडवत नसे. कड सरळ झालीच पाहिजे, मध्ये भोक राहताच कामा नये. त्या नादात दुसऱ्या खिडकीतल्या विटा आपल्या आपण धबाधबा पडून छताला टेकत. ओळ अर्धी न सोडण्याची सवय त्यांना बुडवत होती. धाकटा खरं बोलला होता, लक्ष एकाच ठिकाणी राहतं. दिवाळी जवळ येत चालली, आणि बाई चिडचिड्या झाल्या. एकदा तर मला म्हणाल्या, "काष्टी, माजी बोटं मला फसवत न्हाईत गं. मीच त्यांना फसवतीय." मी उठून त्यांच्याजवळचा पाण्याचा तांब्या भरून ठेवला.

आणि मग तो तांब्या सांडला.

दुपारचा क्लास होता. बाई कोपऱ्यात कॉम्प्युटरवर सराव करत होत्या, मी मुलींचा ठेका सांभाळत होते. बाईंच्या डावीकडं, मॉनिटरला लागून, पाण्याचा तांब्या होता, शेठच्या दुकानातलाच. मुलींची ओळ संपली, सगळ्या घंट्या एकदम वाजल्या, आणि बाईंचा डावा हात उठला! समोर कॅरेज नाही, दांडी नाही, पण हात आपला उठला आणि दांडी ढकलावी तसा ताडकन तांब्यावर बसला. तांब्या खाली, पाणी सगळीकडं, मुली थबकल्या. मी फडकं घेऊन धावले.

बाई पाण्याकडं बघतच नव्हत्या. त्या पडद्याकडं बघत होत्या. तांब्यावरून खाली आलेला हात एस वर पडला होता आणि दुसरी खिडकी पुढं आली होती. तिच्यात ढीग छताला टेकायला आला होता. बाईंनी पटापट दोन विटा बसवल्या आणि ती वाचवली.

"काष्टी," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पुना घंटी वाजव."

मी वाजवली. हात उठला, उतरताना डी वर आला. तिसरी खिडकी.

"पुना."

हात उठला, एफ.

बाई वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी काय वर्णू! गावात पाण्याचा टँकर आल्यावर बायकांचा होतो तसा झाला होता. "अगं, ह्यो हात माझं ऐकत न्हाई, घंटीचं ऐकतोय," त्या म्हणाल्या. "मंग मी कशाला मदी पडू? घंटी वाजली की खिडकी सोडायची. जुळलं असंल, नसंल, सोडायची. आपली लाईन घंटीपर्यंतच."

सगळा प्रश्न एका फटक्यात सुटला. मशीनांचे समास आम्ही जवळ ओढले, म्हणजे ओळ आखूड झाली आणि घंटी लवकर लवकर वाजायला लागली. पोरी ठेक्यात टाइप करणार, घंटी वाजली की बाई खिडकी बदलणार. ए, एस, डी, एफ आणि पुन्हा ए. बाईंनी शेठना निरोप धाडला की सामना वरच्या हॉलमध्येच होईल आणि तेव्हा पोरींचा क्लास चालू असेल. शेठना त्यात गैर काही दिसलं नाही. धाकट्याला तेवढं कळलं असावं. तो सामन्याच्या आदल्या दिवशी आमचा सराव बघून गेला, जाताना माझ्याजवळ थांबला आणि म्हणाला, "हे आम्हाला पुण्यात कुणी शिकवलं नाही." आणि निघून गेला. आमची युक्ती त्यानं कुणालाच सांगितली नाही. सांगितलं असतं तर पोरांनी आरडाओरडा करून घंटीच बंद करायला लावली असती.

आता बाई बऱ्याच म्हाताऱ्या झाल्या आहेत, भिंगारलाच असतात. मागच्या वर्षी भेटायला गेले तर नातवंडं मोबाईलवर अंगठ्यांनी टाइप करत होती आणि बाई त्यांच्याकडं पाठ फिरवून बसल्या होत्या. "अंगठा स्पेससाठी दिलाय देवानं," म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, तुम्ही देव कधीपासून मानायला लागलात? तर म्हणाल्या, "अंगठ्यापुरता."

तर त्या सामन्याच्या रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यावरही माणसं. धाकट्यानं सगळे कॉम्प्युटर वर आणले होते. एकावर तो, बाकीच्यांवर त्याची निवडक पोरं, आणि भिंतीजवळ बाई, इस्त्रीचं पांढरं लुगडं, चष्मा पुसून लख्ख. शेठ मधोमध खुर्ची टाकून बसले. मी पहिल्या रांगेतल्या मशीनवर, माझ्या मागं सगळ्या पोरी. शेठनी ताटावर चमचा वाजवला आणि सुरू झालं.

बाई आधी गरम झाल्या. सगळे बघत असताना, पहिल्या विटा पडत असताना, त्यांनी टेबलाच्या कडेवर ती ओळ मारली, मगच हात बटणांवर ठेवले. पोरं फिदीफिदी हसली. मीही दात आवळले होते, म्हटलं बाई, आज तरी!

पण मग आमचा ठेका सुरू झाला. खडखडखडखड, टिंग. बाईंचा हात उठला, एस. खडखडखडखड, टिंग. डी. त्या एकाही खिडकीत रेंगाळल्या नाहीत. ओळ जुळता जुळता राहिली तर राहू दिली, पुढच्या फेरीत येऊन जुळवली. ह्या खेळाची गंमत अशी की जितक्या ओळी भराल तितक्या विटा वेगानं पडायला लागतात. पोरांना ओळींची हाव. भराभर भरत गेली आणि स्वतःच आणलेल्या वेगात सापडली. एकजण गेला, दुसरा गेला, पाठोपाठ तिसराही गेला. गेलेला प्रत्येकजण उठून बाईंच्या मागं उभा राही, आणि आधी हसणारी ती पोरं आता श्वास रोखून बघत होती.

धाकटा उरला. तो सावध खेळत होता, एकच खिडकी, पण नजर हलत नव्हती.

तेवढ्यात आमच्याकडं घोटाळा झाला. गर्दीनं पोरी बावरल्या. मागच्या रांगेतल्या दोघी-तिघींचा ठेका सुटला आणि घंट्या विस्कटून वाजायला लागल्या. टिंग, टिंग, टिं-टिंग. बाईंचा हात उठला, उतरला, पुन्हा उठला. खिडक्या नको तेव्हा बदलल्या. तिसऱ्या खिडकीतला ढीग बघता बघता छताजवळ गेला. मी तो माझ्या मशीनवरून बघत होते. एक वीट चुकली की हॉल गेला. शेठ खुर्चीवरून अर्धे उठले.

बाईंनी मान वळवली नाही. फक्त म्हणाल्या, "काष्टी, लाईन सांभाळ."

मी उभी राहिले आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते तेवढ्यानं ओरडायला लागले. "ए! एस! डी! एफ!" काष्टीच्या बाजारात गुरं हाकायला ओरडतात तसं. एका हातानं रूळ आपटत, दुसऱ्या हातानं माझं मशीन बडवत. "ए! एस! डी! एफ!" माझ्या मागं ती मावशीकडं राहणारी पोरगी ओरडायला लागली, मग तिच्या शेजारची, मग सगळ्या. ठेका जुळला. आणि एका फटक्यात सगळ्या घंट्या एक झाल्या. टिंग!

बाईंचा हात उठला आणि डी वर उतरला. एक वीट फिरवून फटीत सोडली, दुसरी, मग ती लांब सरळ वीट आली, जिची सगळे वाट बघतात, आणि ती नेमकी उभ्या भोकात गेली. चार ओळी एकदम गायब. ढीग खाली बसला. जिन्यावरच्या माणसांनी शिट्ट्या मारल्या.

धाकट्यानं तो आवाज ऐकून एकदा, फक्त एकदाच, मान वर केली आणि बाईंच्या पडद्याकडं बघितलं. तेवढं पुरलं. परत बघतो तर त्याचा ढीग टेकलेला. त्यानं हात बटणांवरून उचलले, उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. खरंच सांगते, हरलेला माणूस इतक्या आनंदानं टाळ्या वाजवताना मी दुसरा बघितला नाही.

सगळा हॉल उसळला. शेठ ओरडले, "झालं! झालं बाई! हॉल तुमचा! तुमचाच!" पोरी मशीन सोडून उठल्या, कुणी रडत होती, कुणी हसत होती, मी दोन्ही करत होते. फक्त बाई खेळतच होत्या.

"बाई, जिंकलात, सोडा आता," धाकटा म्हणाला.

"लाईन पुरी होऊ दे."

घंटी वाजवायला मशीनवर कुणी नव्हतं. मी पटकन खाली बसले आणि राहिलेली अर्धी ओळ एकटीनं मारली. टिंग. बाईंचा डावा हात उठला, नेहमीसारखा दांडी ढकलायला उठावा तसा, आणि खाली येताना वरच्या कोपऱ्यातल्या त्या बटणावर उतरला. चारही खिडक्या जागच्या जागी थांबल्या. चारही उभ्या.

मग हॉल एकदम शांत झाला. एवढी वर्षं त्या हॉलमध्ये अशी शांतता कुणी ऐकली नव्हती. शेठसुद्धा कान देऊन, काहीतरी हरवल्यासारखे जमिनीकडं बघत उभे होते.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि वळून पोरींकडं बघितलं.

"थांबलात का?" त्या म्हणाल्या. "मी थांबा म्हनलं व्हय?"

पोरी धडपडत जागेवर गेल्या. मी रूळ आपटला, ठेका सुरू झाला, आणि खाली शेठच्या दुकानात भांडी किणकिणायला लागली.